सर्जेराव आणि ‘लोखंडी माल, सुटा’

ईशान, सई,

आजच्या पेपरात आतल्या पानावर दोन बोटं जागेत एक बातमी आहे. ट्रक उलटला, ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’. हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा वाचलं आहे, की छापखान्यात त्याचा ठसा तयारच ठेवलेला असावा अशी माझी खात्री झाली आहे. ट्रकमध्ये काय होतं, ते कोणी भरलं, कशावर ठेवलं, कशानं बांधलं, यातलं एक अक्षर नाही. चालकाला कोणी विचारत नाही, कारण तो एक तर इस्पितळात असतो, नाही तर पोलीस ठाण्यात. मी पेपर मिटून ठेवला. तुमचे आजोबा म्हणाले, “सकाळी सकाळी कोणावर चिडलीस?” म्हटलं, चिडले आहेच, आणि सर्जेराव आठवले.

सर्जेराव नरवडे आमच्या कारखान्यात डिस्पॅचचे प्रमुख होते. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतला तो कारखाना पोलादी रोलर बनवायचा आणि मी तिथे इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळायची. तुम्हाला मी एरवी इंग्रजीत लिहिते, ते तुम्हाला सोपं जातं म्हणून. हे मात्र मराठीत लिहिते आहे. सर्जेरावांना मी इंग्रजीत आणून पाहिलं, ते तिथे गप्पच बसतात. तुमची आई वाचून दाखवेल.

आधी रोलर म्हणजे काय ते सांगते, नाही तर पुढचं कळायचं नाही. तुमच्या आईचं पोळ्या लाटायचं लाटणं डोळ्यांसमोर आणा. मधे जाड भाग, दोन्ही बाजूंना बारीक मुठी. तेच लाटणं पोलादाचं, माणसाहून लांब, आरशासारखं घासलेलं आणि उचलायला क्रेन लागेल इतकं जड करा. कागदाच्या आणि पोलादाच्या गिरण्यांमध्ये ते यंत्रात बसवतात. मुठींच्या जागी जो भाग असतो, त्याला आमच्याकडे मान म्हणत. सगळी कारागिरी त्या मानेत. तिला ओरखडा गेला, ती केसभर वाकली, की रोलर भंगारात. म्हणून तो पाठवताना मानेवर वजन येऊ द्यायचं नाही. जाड भागाखाली दोन लाकडी घोड्या द्यायच्या, अर्धगोल कोरलेल्या, त्यात तो निजवायचा. बाजूंनी पाचरी ठोकायच्या, मानेला ग्रीस लावून गोणपाट गुंडाळायचं आणि साखळ्यांनी आवळायचं. आणि गोल वस्तू घरंगळते, हे तर तुम्हाला पेन्सिलीवरूनही माहीत आहे.

सर्जेराव पाचोडजवळच्या एका मोठ्या शेतीवाल्या घरातले. उंच, रुंद, शहरात येऊन बी.कॉम. झालेले, आणि शेतीचा आणि पदवीचा ताठा सारखाच. ग्रीस आणि गंज यांच्या राज्यात ते पांढराशुभ्र शर्ट घालून यायचे आणि संध्याकाळी तो तसाच पांढरा घरी न्यायचे, कारण ते स्वतः कशालाही हात लावत नसत. धरणं, उचलणं, ठोकणं हे इतरांचं काम. त्यांचं काम सांगण्याचं. यार्डात ते उभे राहिले की त्यांचा आवाज पहिल्या मजल्यावर माझ्या टेबलापर्यंत यायचा.

“अय, मानेला नको धरू. तुपल्या मानेला धरून उचलू का तुला?”

“पाचर उलटी ठोकायलाय रे. सासऱ्यानं बघितलं तर पोरगी परत नेईल.”

त्या हमालाचं लग्न आदल्याच महिन्यात झालेलं असायचं. सगळं यार्ड हसायचं. सर्जेराव हसत नसत.

मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात आमची पहिली गाठ पडली. परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायच्या पत्रात मी लिहिलं होतं, की रोलर योग्य रीतीने बांधून पाठवले जातील. इंग्रजीत हे वाक्य फार सभ्य दिसतं. सर्जेराव पत्र घेऊन जिना चढून आले.

“मॅडम, हे ‘योग्य रीतीने’ म्हंजे कसं?”

“म्हणजे नीट. जसं बांधायला हवं तसं.”

“तेच लिहा ना मग. कशावर ठेवणार, कशानं आवळणार. योग्य रीतीने हा शब्द ज्याला काम टाळायचंय त्याच्या कामाचा. उद्या काही झालं तर दोघंबी म्हणणार, आमची रीत योग्यच व्हती.”

मला राग आला, कारण मी नवी होते आणि माझं इंग्रजी चांगलं होतं. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यानंतर मी तो शब्द वापरला नाही.

मात्र त्यांचं म्हणणं नेहमी खरं नसे, हेही लिहिलं पाहिजे, नाही तर तुम्हाला वाटेल आजी देवमाणसाची गोष्ट सांगते आहे. लाकूड म्हणजे बाभूळ, असं त्यांचं पक्कं मत होतं. परदेशी जाणाऱ्या पेट्यांचं लाकूड भट्टीत तापवून, सालं काढून, शिक्का मारलेलं लागतं. लाकडातून इकडची कीड तिकडे जाऊ नये म्हणून तसा नियम आहे. मी त्यांना तो मराठीत करून दिला होता. त्यांनी वाचला, बाजूला ठेवला आणि गावाकडून आणलेल्या बाभळीच्या घोड्या लावल्या. तिकडच्या बंदरात सालीसकट बाभूळ पाहून त्या लोकांनी सगळा माल अडवून धरला. केवढी पत्रापत्री झाली. मी म्हटलं, “सर्जेराव, मी सांगितलं होतं.”

ते म्हणाले, “त्यांच्या किड्यांना बाभूळ माहीत नाय, त्यात मपला काय दोष?”

चूक कबूल करणं त्यांच्या अंगातच नव्हतं. चूक जगात होत असे, फक्त ती दुसऱ्यांकडून होत असे. त्याच्या जोडीला होतं रुसणं. एकदा कँटीनवाल्यानं त्यांचा ठरलेला कप फोडला आणि त्यांना सगळ्यांसारख्या काचेच्या ग्लासात चहा दिला. सर्जेराव दुसऱ्या दिवसापासून फाटकाबाहेरच्या टपरीवर उन्हात उभं राहून चहा प्यायला लागले. कँटीनवाल्यानं नवा कप आणला, माफी मागितली, उपयोग नाही. “रुसलेत,” असं सगळे म्हणायचे, जसं घरातल्या लग्नात एखाद्या मामाबद्दल म्हणतात. मग एक दिवस ते आपणहून कँटीनमध्ये येऊन बसले आणि कोणी विषय काढला नाही.

पण त्यांची सगळ्यांत मोठी तऱ्हा म्हणजे वरात. ट्रक भरून झाला, साखळ्या आवळल्या, की सर्जेराव बाजूच्या शिडीवरून वर चढायचे, रोलरवर स्वच्छ फडका अंथरायचे आणि त्यावर बसायचे. मग ड्रायव्हरनं कारखान्याच्या आवाराला पूर्ण फेरी मारायची, मुद्दाम खड्ड्यांतून, आणि गोदामाच्या उतारावर करकचून ब्रेक लावायचा. रोलर बोटभर हलला तरी ट्रक परत, सगळं सोडा, पुन्हा बांधा. यार्डातली माणसं याला सर्जेरावांची वरात म्हणायची, आणि कोणीतरी तोंडानं बँड वाजवायचं. त्यांच्या काळात वाटेत रोलर सुटला असं मी कधी ऐकलं नाही.

आता बिल्टीबद्दल. माल ट्रकनं पाठवताना वाहतूकवाला जी पावती फाडतो ती बिल्टी. तिच्यावर माल कुठल्या प्रकारचा ते लिहावं लागतं आणि त्यावर भाडं ठरतं. आमच्या मालाचं वर्णन सर्जेराव स्वतः सांगायचे: यंत्राचे रोलर, घोड्यांवर, बांधून. याचं भाडं जास्त, कारण त्या ट्रकमध्ये वर दुसरं काही लादता येत नाही. याउलट गज, पट्ट्या, पत्रे, भंगार जातं ते ‘लोखंडी माल, सुटा’ म्हणून. कसंही टाका, त्यावर आणखी काही टाका. वाहतूकवाले दरवेळी घासाघीस करायचे. साहेब, लोखंड ते लोखंड, सुटा लिहू या, तुमचेही पैसे वाचतील.

“गज फेकला तरी गजच राहतो,” सर्जेराव म्हणायचे. “यंत्राचा रोलर फेकला तर काय राहतं? नाव बदललं म्हणून त्यो गज व्हतोय का? उद्या मी तुला पोतं म्हणलं तर डिक्कीत बसशील का?”

आमच्या कारखान्यात नवे साहेब आले, साठ्ये त्यांचं नाव. तरुण, हुशार, बोलायला गोड. पडद्यावर रंगीत आकृत्या दाखवून त्यांनी आम्हाला समजावलं, की लाकूड, साखळ्या आणि भाडं यांत कंपनी केवढं घालवते. देशातल्या देशात जाणारे रोलर यापुढे ‘लोखंडी माल, सुटा’ म्हणून जातील. घोड्या बंद. खाली जुन्या टायरचे तुकडे आणि दोर पुरे. आणि ती फेरी ताबडतोब बंद, भरलेल्या ट्रकवर माणूस बसवणं सुरक्षेच्या नियमात बसत नाही. या शेवटच्या एका मुद्द्यात साठ्ये साहेबांचं बरोबर होतं, ते मी मान्य करते. बाकी सगळ्याचा मला तेव्हाही संताप आला आणि आजही येतो. माल तोच, वजन तेच, घाट तेच. बदलला होता फक्त कागदावरचा शब्द, आणि त्या शब्दाच्या आडोशानं लाकूड काढून घेतलं होतं.

सर्जेराव त्या बैठकीत भांडले. चांगलेच भांडले. साठ्ये साहेब हसून म्हणाले, “सर्जेरावजी, तुमचा अनुभव मोठा आहे, पण आता जग पुढे गेलं आहे. ही वरात वगैरे बघून बाहेरचे लोक आपल्याला हसतात.”

सगळे हसले. मी समोर बसले होते. सर्जेरावांचा चेहरा मला दिसत होता. ‘वरात’ हा शब्द साहेबांपर्यंत पोचला होता आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या तोंडावर फेकला गेला होता.

ते रुसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या खुर्चीची पाठ यार्डाच्या खिडकीकडे केली आणि खाली उतरणं बंद केलं. वेळेवर यायचे, कागदांवर सह्या करायचे, वेळेवर जायचे. मी बोलायला गेले.

“सर्जेराव, खाली जा. साहेबांवर रागवायचं तर साहेबांवर रागवा, रोलरवर कशाला?”

“सुट्या मालाला डिस्पॅचचा प्रमुख कशाला लागतो, मॅडम? हमाल बास झाले.”

“काही झालं तर?”

“झालं तर त्या पडद्यावर दाखवतील ते.”

यार्ड आता शांत होतं. इतक्या वर्षांत मला त्या आवाजाचा त्रास व्हायचा, आणि तो नसल्याचा जास्त झाला.

युनूस हा पडेगावचा ड्रायव्हर. बरीच वर्षं आमचा माल न्यायचा. सडसडीत, मितभाषी, गाडीला धूळ लागू न देणारा. सर्जेरावांच्या शिव्या त्यानं सगळ्यांत जास्त खाल्ल्या होत्या आणि तेवढ्याच वराती काढल्या होत्या. त्या दिवशी एका गिरणीचा रोलर कन्नडच्या घाटातून धुळ्याकडे जायचा होता. मी सर्जेरावांच्या टेबलाशी गाडीचा तपशील घ्यायला उभी होते, तेव्हा युनूस जिना चढून वर आला. ड्रायव्हर सहसा वर येत नसत.

“साब, एक बार नीचे आके देख लेव. मेरेकू ठीक नहीं लगरा.”

सर्जेरावांनी मान वर केली नाही. “तुपल्या नव्या साहेबाला बोलव.”

“उनकू क्या समझता साब. टायर का तुकडा है नीचे, रस्सी है. घाट का रस्ता है.”

“मग रस्सी घट्ट आवळ. जा.”

युनूसनं माझ्याकडे पाहिलं. मग “हौ साब,” म्हणाला आणि गेला. मी यार्डात फोन लावला. तिथला कारकून म्हणाला, साहेबांचा हुकूम आहे. मी साठ्ये साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, “मॅडम, एकदा माल गाडीत चढला की ती वाहतूकवाल्याची जबाबदारी असते. बिल्टीवर तसं छापलेलंच असतं.” परत आले तोवर ट्रक फाटकाबाहेर गेला होता.

घाट उतरताना एका वळणावर पुढचा टेम्पो अचानक थांबला. युनूसनं ब्रेक लावला. ट्रक थांबत होता, पण रोलर थांबला नाही. दोर तुटला, केबिनमागची फळी फोडून रोलर आत आला आणि युनूसचा पाय त्याखाली चिरडला. त्या अवस्थेत त्यानं स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला वळवलं. दुसऱ्या बाजूला दरी होती आणि पुढच्या टेम्पोत माणसं होती. टेम्पोचा मागचा भाग चेपला, बाकी कोणाला काही झालं नाही. युनूसचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून आलं, ते तुम्हाला सांगायला नकोच. पण तेवढ्यानं भागलं नाही. ज्याचा पाय गेला होता त्याच्यावरच पोलिसांनी गुन्हा नोंदवला, की भरधाव आणि हयगयीनं गाडी चालवली. ते सगळ्यांच्या सोयीचं होतं. वाहतूकवाल्याच्या सोयीचं, आमच्या कंपनीच्या तर फारच. ड्रायव्हर दोषी ठरला की रोलर कसा बांधला होता हे कोणी विचारणार नव्हतं. आणि तो दोषी ठरला असता तर भरपाईत, लायसन्समध्ये, पुढं कुठं राखणदाराची नोकरी मागायला गेला तरी तिथेही, आयुष्यभर तो माणसांच्या अंगावर ट्रक घालणारा ठरणार होता. ज्यानं त्या माणसांना वाचवलं होतं तो.

कारखान्यात चौकशी झाली. मलाही बोलावलं. जे पाहिलं, ऐकलं ते मी सांगितलं. चौकशी करणारे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, तुम्ही कधी ट्रक भरला आहे का?” नाही म्हटलं. “मग तुम्हाला लोडिंगमधलं काय कळणार?” साठ्ये साहेबांनी तरी कधी भरला होता, ते कोणी विचारलं नाही.

सर्जेरावांना मात्र साहेबांनी केबिनमध्ये नेऊन चहा पाजला. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, की माल नेहमीप्रमाणे, नियमाप्रमाणे भरला होता. मग त्यांच्यावर काही येणार नव्हतं. निवृत्ती जवळ आली होती, नंतर सल्लागार म्हणून ठेवायचं कबूल झालं होतं. सर्जेराव हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. ते इस्पितळात गेल्याचं मला युनूसच्या बायकोकडून कळलं. वॉर्डाच्या दारापर्यंत आले, तिथे बराच वेळ उभे राहिले आणि आत न येता परत गेले. दोनदा असं झालं. ती म्हणाली, “बडे साब को अंदर आने कू डर लगता क्या?”

मला त्यांचा तेव्हा फार राग आला होता. अजून पूर्ण गेलेला नाही.

मग त्यांचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, हार, समोसे. साठ्ये साहेबांनी भाषण केलं. सर्जेरावजींच्या सबंध कारकिर्दीत एका ड्रायव्हरच्या चुकीचा अपवाद सोडला तर एकही दुर्घटना झाली नाही, असं ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. सर्जेराव आभार मानायला उठले. शाल नीट केली.

“युनूसची चूक नव्हती,” ते म्हणाले. “त्यो रोलर सुटा गेला. मी कोर्टात तसं सांगणार हाय.”

आणि खाली बसले. सभागृहात कोणाला काय करावं ते कळेना. साहेबांना कुठून तरी फोन आला. इतरांना कामं आठवली. उठून गेले ते बाकीचे. सर्जेराव आपल्या निरोप समारंभाला शेवटपर्यंत बसून राहिले, आणि त्यांच्यासोबत मी. त्यांनी माझ्यापुढे ताट सरकवलं. “घ्या मॅडम. गार व्हायलेत.”

सल्लागारपद अर्थातच गेलं. ते गावी पाचोडकडे राहायला गेले. कोर्ट कन्नडला. तारीख असली की पाचोडहून एसटीनं शहरात, तिथून दुसऱ्या एसटीनं कन्नडला. तिथे सरकारी वकील आले नाहीत, साक्षीदार पोलीस बंदोबस्ताला गेले, न्यायाधीश रजेवर, अशा कारणांनी पुढची तारीख. एक पाय गमावलेला आरोपी आणि एक म्हातारा साक्षीदार, दोघांना बाकावर बसवून ठेवायचं आणि दुपारी परत पाठवायचं. या देशात माणसाला शिक्षा देण्याआधीच शिक्षा भोगायला लावायची ही पद्धत कोणी शोधून काढली असेल, त्याला मला एकदा भेटायचं आहे.

त्या बाकावर ते दोघं बोलत नसत, असं युनूसची बायको सांगायची. एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला ते.

साक्षीच्या दिवशी मीही गेले, कारण मलाही बोलावलं होतं. माझी साक्ष लवकर आटपली. मग सर्जेराव उभे राहिले. युनूसच्या वकिलानं विचारलं तसं त्यांनी सगळं सांगितलं. घोड्या, पाचरी, टायरचे तुकडे, दोर. सरकारी वकील उठले.

“तुम्ही डिस्पॅचचे प्रमुख होता. त्या दिवशी कामावर हजर होता. मग माल भरताना खाली का गेला नाहीत?”

“रुसलो व्हतो.”

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीश एक तरुण बाई होत्या. त्या हसल्या नाहीत. टायपिस्टला सांगू लागल्या, “व्यवस्थापनाच्या निर्णयामुळे मी नाराज असल्याने...”

“नाराज नाय, बाईसाहेब,” सर्जेराव म्हणाले. “नाराज माणूस खाली जाऊन भांडतो. मी वर बसून राहिलो. त्यो बोलवायला आला व्हता मला, हा युनूस. जिना चढून आला. म्हणला, एकदा बघा. मी मान वर केली नाय.”

सरकारी वकिलांना आता जोर आला. “म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे, आरोपीची नाही, तर चूक तुमची?”

मी त्यांना बावीस-पंचवीस वर्षं ओळखत होते. बाभळीच्या घोडीची चूक ज्यांनी परदेशातल्या किड्यांवर ढकलली, ते हेच. त्यांनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले.

“व्हय,” ते म्हणाले. “मपली. साहेबाची बी हाय, कंपनीची बी हाय, ते तुम्ही त्यांना बोलवून इचारा. मला इचारलं तर मपली.”

न्यायाधीशबाईंनी ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगितलं.

साहेबाला आणि कंपनीला कोणी बोलावून विचारलं नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. साठ्ये साहेब पुण्याला मोठ्या जागी गेले. पुढे बऱ्याच दिवसांनी निकाल लागला. युनूस निर्दोष सुटला. भरपाईचं प्रकरण दुसऱ्या कोर्टात अजून चालू आहे. निकाल लागला तेव्हा सर्जेराव नव्हते, त्याआधीच्या उन्हाळ्यात ते गावीच वारले. कारखान्याच्या फलकावर चार ओळींची श्रद्धांजली लागली होती, असं मला कोणीतरी सांगितलं. मी पाहायला गेले नाही. ज्या फाटकातून तो ट्रक बाहेर गेला त्यातून मला पुन्हा आत जायचं नव्हतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, साक्षीनंतर, कोर्टाच्या बाहेर. दुपार होती. युनूसच्या बायकोनं रिक्षा थांबवली होती आणि ती रिक्षावाल्याशी स्टँडपर्यंतचं भाडं ठरवत होती. युनूस कुबड्या रिक्षाला टेकवून चढायला बघत होता. रिक्षाची पायरी उंच, हाताला धरायला काही नाही, आणि उरलेला पाय वर घेतला तर टेकायला दुसरा नाही. सर्जेराव पायऱ्या उतरून आले आणि त्याच्याजवळ थांबले. मला वाटलं, आता सुरू होईल. इकडून धर, तिकडे टेक, असं नाही, तसं.

त्यांनी हात अर्धवट पुढे केले, मागे घेतले, पुन्हा पुढे केले. त्या हातांना काय करायचं ते माहीत नव्हतं.

“युनूस,” शेवटी त्यांनी विचारलं, “कसं धरू?”

युनूसनं वळून पाहिलं.

“कंधा देव साब,” तो म्हणाला. “बाकी मैं चढ जाता.”

सर्जेराव वाकले.